फ्रँक गिलब्रेथ

फ्रँक बंकर गिलब्रेथ (७ जुलै १८६८, फेअरफील्ड, मेन – १४ जून १९२४, माँटक्लेअर, न्यू जर्सी) हे अमेरिकन बांधकाम कंत्राटदार व औद्योगिक सल्लागार होते. कामातील हालचालींचे पृथक्करण करून त्यावर कामगारांच्या प्रशिक्षणाची उभारणी करणाऱ्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

उमेदवारी
१८८५ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, महाविद्यालयीन शिक्षणाचा मार्ग सोडून गिलब्रेथ बॉस्टनमध्ये गवंडीकाम शिकू लागले. गवंडी शिकवताना एका रीतीने, सावकाश काम करताना दुसऱ्या रीतीने आणि घाईत तिसऱ्याच रीतीने विटा लावतात, असे त्यांच्या लक्षात आले. परिणामी उमेदवाराला नेमकी कोणती पद्धत आत्मसात करावी हेच कळत नसे.

प्रशिक्षणाची पद्धत
प्रत्येक विटेसाठी गवंड्याला जमिनीपर्यंत वाकावे लागे. गिलब्रेथ यांनी भिंतीबरोबर उंच होत जाणारी परांची तयार केली, बिगाऱ्यांकडून विटा आधीच निवडून रचून घेतल्या आणि मसाल्याचे प्रमाण असे ठेवले की वीट थापीने ठोकावी लागू नये. एका विटेमागील १८ हालचाली त्यामुळे सुमारे ५ वर आल्या. एका बांधकामावर ताशी १२० विटांचे प्रमाण ३५० पर्यंत गेल्याची नोंद आहे. नवशिक्यांना पहिल्या दिवसापासून योग्य हालचालीच शिकवाव्यात, आरंभी काम ओबडधोबड झाले तरी चालेल, असे त्यांचे मत होते. चुकीची सवय मोडणे अधिक कठीण, हे त्यामागील कारण होते. 'ब्रिकलेइंग सिस्टिम' (१९०९) व 'मोशन स्टडी' (१९११) या ग्रंथांत त्यांनी ही पद्धत मांडली. वेग वाढला की मजुरांवर भार पडेल, या भीतीने कामगार संघटनांनी तिला विरोधही केला.

पुढील कार्य
१९०४ मध्ये त्यांचा लिलियन मोलर यांच्याशी विवाह झाला. मानसशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या लिलियन यांनी कामगाराचा थकवा व समाधान यांचा विचार या कार्यात आणला. बोटांना लहान दिवे बांधून छायाचित्रात उमटणाऱ्या हालचालींच्या रेषांवरून दोघांनी तारेच्या प्रतिकृती घडवल्या व त्या शिकवण्यासाठी वापरल्या. पहिल्या महायुद्धात गिलब्रेथ यांनी सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी चित्रफिती तयार केल्या. युद्धात अपंग झालेल्यांना शक्य होतील अशा रीतीने कामांची फेरमांडणी करण्याचाही पुरस्कार त्यांनी केला.

मृत्यू व वारसा
युरोपच्या दौऱ्यास निघण्यापूर्वी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यानंतर लिलियन यांनी उद्योगांतील व्यवस्थापकांसाठी घरीच वर्ग चालवून हे कार्य पुढे नेले.