कर्जाचा कागद पडद्यावर आणणारे बाबूराव पेंटर

शेतकरी बंधूंनो, बाजाराला, कचेरीला नाहीतर अंबाबाईच्या दर्शनाला आपलं कोल्हापूरला नेहमीच जाणं असतं. दसरा चौकातून जाताना राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा दिसतो. आपण हात जोडतो आणि पुढं जातो. याच कोल्हापुरातले कलामहर्षी बाबूराव पेंटर मात्र थोड्यांनाच ठाऊक असतात. या पानावर त्यांची आठवण काढायची ती एका खास कारणासाठी. कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी आपल्या देशात पडद्यावर दाखवणाऱ्यांत ते अगदी पहिल्या फळीतले. म्हणून आपल्यावर त्यांचं ऋण आहे.

त्यांचं मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म कोल्हापुरात ३ जून १८९० रोजी झाला. वडील कसबी कारागीर होते. लाकूड असो, लोखंड असो, त्यांचा हात चाले. बाबूरावांची शाळा जेमतेमच झाली आणि चित्रकलेच्या कॉलेजची पायरी तर ते कधी चढलेच नाहीत. गावातल्या सुताराचं पोर जसं बापाशेजारी बसून वाकस धरायला शिकतं, तसे ते शिकले. नात्यातले भाऊ आनंदराव हेही तसेच गुणी. दोघांनी मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले. राजवाडा, रान, नदीचा घाट असे पडदे रंगवता रंगवता त्यांचं नाव झालं आणि मेस्त्री आडनाव मागं पडून पेंटर हेच नाव कायमचं चिकटलं.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहून या दोघा भावांनी सिनेमा काढायचं मनावर घेतलं. पण कॅमेरा आणायचा कुठून? विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की गावातलाच एखादा हुशार गडी ते उघडून बसतो आणि पुन्हा चालू करूनच उठतो ना? तसंच हे झालं. त्यांनी कॅमेरा घरीच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. दुसरा कोणी असता तर हात टेकले असते. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना सोबत घेतलं आणि काम तडीला नेलं. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. घरच्या कॅमेऱ्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात लागला आणि गाजला. स्त्रियांची कामं पुरुषांनी करायचा तो काळ. त्या चित्रपटात स्त्रियांनीच स्त्रियांची कामं केली.

ही कंपनी म्हणजे खरं तर एक शाळाच होती. तिथं फळा नव्हता आणि परीक्षाही नव्हती. कपडे कसे, घर कसं, माणूस कुठं उभा राहील, याची चित्रं बाबूराव आधी काढून ठेवत. मग पोरं त्यावर काम करत. सुतारकाम, रंगकाम, झाडलोट, अभिनय, पडेल ते काम करायचं. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम ही मंडळी अशीच तयार झाली. आम्ही विस्तार खात्यातले लोक शेतावर प्रात्यक्षिक घ्या म्हणून सांगत फिरतो. करून दाखवायचं आणि मग समोरच्याच्या हातात द्यायचं, हीच रीत बाबूरावांनी शंभर वर्षांपूर्वी चालवली होती.

आता मुद्द्याची गोष्ट. लोकांना तेव्हा देवादिकांचे आणि इतिहासाचे चित्रपट आवडत. असं असताना १९२५ मध्ये बाबूरावांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवर 'सावकारी पाश' काढला. त्यात ना चमत्कार, ना लढाई. सावकार खोटा कागद करतो, शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो बिचारा शहरात गिरणीत मजुरी करायला जातो. तरुण शेतकऱ्याचं काम शांतारामांनी केलं. हे काही हवेतलं नव्हतं. पुणे आणि नगर भागात १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या दारात जाऊन कर्जाचे कागद जाळले होते, त्याला जेमतेम पन्नास वर्षं झाली होती. चित्रपटाला म्हणावी तशी गर्दी झाली नाही. पण बाबूरावांनी तो विषय सोडला नाही. बोलपट आल्यावर १९३६ मध्ये त्यांनी तीच कथा पुन्हा काढली. पेरलेलं एकदा उगवलं नाही म्हणून रान पड टाकायचं नसतं, हे त्यांना कळत होतं.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. गुरूची कंपनी पुढं फार दिवस चालली नाही. शिष्य मात्र देशभर गाजले. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसपर्यंत गौरवला गेला. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपल्याला पाठच आहे. गुरूनं सावकाराचा कागद दाखवला आणि शिष्यांनी तो बुडवणारा संत दाखवला. बाबूराव स्वतः पुन्हा कुंचल्याकडं आणि छिन्नीकडं वळले. मधूनमधून चित्रपटही करत राहिले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं.

त्यांचा तो मूकपट आज बघायला मिळत नाही. पण त्यातला कागद आजही गावोगाव फिरतोय. अडीनडीला पैसे घेताना कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. कर्जासाठी जमिनीचं खरेदीखत करून देऊ नका. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणं सावकाराला परवाना लागतो. परवाना नसेल किंवा जमीन बळकावली असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं नाहीतर जिल्हा उपनिबंधकाकडं लेखी तक्रार करा. तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींनीही चावडीवर हे चार लोकांना वाचून दाखवावं. पुढच्या खेपेला दसरा चौकात महाराजांपुढं हात जोडाल, तेव्हा बाबूराव पेंटर यांनाही मनातल्या मनात एक नमस्कार करा.