बेडरूममध्ये लॅब थाटली, शिवणाच्या सुयांनी प्रयोग केले आणि पुढे नोबेल मिळवलं

गोष्ट आहे १९४० ची. इटलीतल्या ट्युरिन शहरात एका घरातल्या बेडरूममध्ये ३१ वर्षांच्या एक डॉक्टर कोंबडीची अंडी घेऊन बसलेल्या असायच्या. हातात घासून धारदार केलेल्या शिवणाच्या सुया आणि समोर मायक्रोस्कोप. देशात मुसोलिनीची सत्ता होती आणि ज्यू असल्यामुळे विद्यापीठाचे दरवाजे त्यांच्यासाठी बंद झाले होते.

त्यांचं नाव रीटा लेव्ही-मोन्टाल्चिनी.

आज शरीराला वेदना कशी कळते हे समजावताना डॉक्टर एका जनुकाचा उल्लेख करतात. त्या संशोधनाची सुरुवात या बेडरूममध्ये झाली होती.

वडिलांचा नकार

रीटा यांचा जन्म २२ एप्रिल १९०९ चा. वडील इंजिनिअर, आई चित्रकार. घर सुशिक्षित होतं, पण मुलींनी करिअर केलं तर संसाराकडे दुर्लक्ष होतं, असं वडिलांचं ठाम मत. त्यामुळे रीटा यांच्या कॉलेजचा विषयच निघाला नाही.

मग त्यांना लहानपणी सांभाळणाऱ्या जिओवाना यांचं कॅन्सरने निधन झालं. रीटा यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि वडिलांनाही राजी केलं. आठ महिन्यांत लॅटिन, ग्रीक आणि गणिताची तयारी करून त्यांनी मेडिकलला प्रवेश मिळवला आणि १९३६ साली पदवी घेतली.

दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, मुसोलिनी सरकारने ज्यूंविरोधी कायदे आणले. रीटा यांचं विद्यापीठातलं काम गेलं.

अंड्यात काय दिसलं?

अमेरिकेतल्या व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी एक प्रयोग केला होता. कोंबडीच्या गर्भाच्या पंखाची कळी कापली, की त्या बाजूला चेतापेशी कमी दिसतात. का? तर त्या भागातून मिळणारा आदेश थांबतो आणि पेशी तयारच होत नाहीत, असं हॅम्बर्गर यांना वाटलं.

रीटा यांनी तोच प्रयोग बेडरूममध्ये केला. त्यांची नोकरी गेलेले प्राध्यापक ज्युसेप्पे लेव्ही मदतीला आले. रीटा यांना दिसलं ते वेगळंच होतं. पेशी तयार होत होत्या, वाढतही होत्या, पण नंतर मरत होत्या. म्हणजे अवयवाकडून त्यांना जगवणारं काहीतरी मिळत असणार आणि ते न मिळाल्याने त्या संपत असणार.

ज्यू शास्त्रज्ञांचं लेखन इटलीत छापलं जात नसल्यामुळे हे निष्कर्ष बेल्जियममध्ये प्रसिद्ध झाले. ट्युरिनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा कुटुंब खेड्यात गेलं आणि लॅबही सोबत गेली. १९४३ मध्ये जर्मन सैन्य आलं. मग मात्र सगळं सोडून ते फ्लॉरेन्समध्ये खोट्या नावाने लपून राहिले.

काही महिन्यांसाठी गेल्या, ३० वर्षं राहिल्या

ज्यांचा निष्कर्ष रीटा यांनी खोडला, त्याच हॅम्बर्गर यांनी १९४७ मध्ये त्यांना अमेरिकेत सेंट लुईसला बोलावलं. काही महिन्यांसाठी गेलेल्या रीटा तिथे जवळपास ३० वर्षं काम करत राहिल्या.

उंदराचा एक ट्युमर गर्भात ठेवला की चेतातंतू भराभर वाढतात, हे त्यांनी पाहिलं. १९५२ मध्ये ट्युमर असलेले उंदीर सोबत घेऊन त्या विमानाने ब्राझीलला गेल्या. तिथल्या प्रयोगात ट्युमरजवळच्या चेतापेशींभोवती तंतूंचं वलय तयार झालं. ट्युमरमधून कोणतातरी पदार्थ बाहेर पडतो, हे पक्कं झालं.

स्टॅन्ली कोहेन यांनी तो पदार्थ वेगळा काढला. त्याला नाव मिळालं नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजेच एनजीएफ. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हॅम्बर्गर यांचं नाव त्यात नव्हतं आणि त्यावर बरीच चर्चाही झाली.

मग ते जनुक कुठून आलं?

एनजीएफ हा निरोप आहे असं समजा. निरोप आला तर तो घ्यायला दारात कुणीतरी हवं. चेतापेशीच्या पृष्ठभागावर हे काम एक रिसेप्टर करतो. तो बनवण्याची माहिती एनटीआरके-१ या जनुकात असते. आपल्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर हे जनुक आहे.

गंमत म्हणजे १९८० च्या दशकात हे जनुक सापडलं ते आतड्याच्या कॅन्सरमध्ये, दुसऱ्या जनुकाला चिकटलेल्या अवस्थेत. हा एनजीएफचाच रिसेप्टर आहे, हे १९९१ मध्ये समजलं. अशी चिकटलेली जनुकं असलेल्या ट्युमरवर २०१८ मध्ये अमेरिकेत लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला मंजुरी मिळाली.

१९९६ मध्ये जपानी संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. काही मुलांना जन्मापासून वेदना होत नाहीत आणि घामही येत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण ही मुलं स्वतःचीच जीभ चावतात, भाजलं तरी त्यांना कळत नाही आणि घाम नसल्याने ताप जिवावर बेततो. या मुलांच्या एनटीआरके-१ मध्ये दोष होता. एनजीएफ असतो, पण तो घेणारा रिसेप्टर काम करत नाही. त्यामुळे वेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशी गर्भातच मरून जातात.

पेशी तयार होतात आणि निरोप न मिळाल्याने मरतात. रीटा यांनी बेडरूममध्ये अंड्यात पाहिलं होतं ते हेच.

२००१ मध्ये इटलीने त्यांना तहहयात सिनेटर केलं. वयाची शंभरी गाठणाऱ्या त्या पहिल्या नोबेल विजेत्या ठरल्या. ३० डिसेंबर २०१२ रोजी रोममध्ये, १०३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. ज्या देशाने एकेकाळी त्यांना लॅबमधून बाहेर काढलं होतं, त्याच देशाच्या संसदेत त्या शेवटपर्यंत सदस्य होत्या.