उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म झाला. घरच्या पेढीवरील सुरक्षित व्यवसायात न रमता ते रेल्वेच्या कंत्राटदारीत उतरले. पुढे जहाज, विमान व मोटार उद्योगांचे ते प्रवर्तक ठरले. परंतु ग्रामीण महाराष्ट्रावर त्यांचे ऋण निराळेच आहे. नाशिक जिल्ह्यातील रावळगावच्या खडकाळ माळावर ऊस पिकवून त्यांनी १९३३ मध्ये साखर कारखाना उभारला. पाठोपाठ इंदापूर तालुक्यातील कळंबला नीरा कालव्याच्या आधारे दुसरा कारखाना व वसाहत उभी राहिली; तेच वालचंदनगर. मजूर शहरात नेण्याऐवजी त्यांनी कारखानाच खेड्यात आणला. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे देहावसान झाले. ओसाड भूमीत धन पेरण्याचे धाडस, हाच त्यांचा आपणांस वारसा होय.