केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला

कृष्णाजी अर्जुन केळुसकर (१८६०–१९३४) हे नाव तुमच्या मुलांना ठाऊक आहे काय? चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा भीमराव या शिक्षकाने हेरला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. इंटरनंतर रामजीबाबांजवळचे पैसे सरले. गुरुजी गप्प बसू शकले असते. पण ते त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारून पारख केली आणि दरमहा २५ रुपये मंजूर केले. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले, १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले.

मूल हुशार आहे हे ओळखणे निम्मे काम. योग्य दारी वेळेवर नेणे हे उरलेले. तुमच्या वस्तीतल्या अशा मुलामुलींसाठी शब्द टाकायला कचरू नका.