द्राक्षमळ्यांची मालकीण

मैत्रिणींनो, वाइनचं नाव काढलं म्हणून भुवया उंचावू नका. आमच्या खापरखेड्याच्या घरी पाहुण्यापुढं चहा नाही तर संत्री येतात. पण भाच्यानं पोर्तुगालहून वीस वर्षं मुरलेल्या पोर्ट वाइनची इवलीशी बाटली आणली आणि मी घोटभर चाखली. आधी गोड, मग सुक्या अंजिराची चव, शेवटी सुपारीसारखा तुरटपणा. बाटलीवर नाव होतं फेरेरा. ते घराणं नावारूपाला आणलं एका विधवेनं, म्हणून हा लेख.

डोना अंतोनिया फेरेरा 1811 मध्ये दौरो नदीच्या खोऱ्यात जन्मली. उभे डोंगर, दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या, त्यावर द्राक्षवेली. 1834 मध्ये चुलतभावाशी लग्न झालं (त्यांच्यात चालतं). नवरा उधळ्या. 1844 मध्ये तो पॅरिसला वारला तेव्हा ती 33 वर्षांची, पदरी दोन लेकरं. तिनं कारभार हाती घेतला.

पैसेवाली विधवा म्हटलं की लोकांची नजर असतेच. देशातला सर्वांत वजनदार माणूस, साल्दान्याचा ड्यूक, यानं आपल्या मुलासाठी तिची लेक मागितली. पोर जेमतेम अकरा-बारा वर्षांची! अंतोनियानं नाही म्हटलं. जबरदस्ती होईल असं दिसताच मळे, धंदा मागं टाकून ती पोरीला घेऊन स्पेनमार्गे थेट लंडनला निघून गेली. एवढ्या मोठ्या माणसाला नकार देणं आजही किती आयांना जमतं? 1856 मध्ये तिनं आपल्या कारभाऱ्याशी, तोर्रेसशी, दुसरं लग्नही केलं.

1861 मध्ये दौरोत नाव उलटली. सोबतचा इंग्रज व्यापारी फॉरेस्टर बुडाला, ही वाचली. घेरदार झग्यानं तिला तरंगत ठेवलं, असं सांगतात.

1868 मध्ये पीक उदंड आलं नि भाव पडले. तिनं इतरांची वाइन विकत घेऊन ठेवली. पुढं कीड आली, तुटवडा झाला आणि तोच साठा चांगल्या भावानं गेला. उपकार होता तसा धंदाही होता. मला त्यात वावगं वाटत नाही.

ती कीड म्हणजे फिलॉक्सेरा. वेलीची मुळंच खाणारी. युरोपातले मळेच्या मळे वाळले. उपाय शोधायला अंतोनिया इंग्लंडपर्यंत गेली. अमेरिकन वेलीची मुळं या किडीला दाद देत नव्हती, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर आपल्या जातीची काडी. आपल्या सावनेर-काटोलकडं जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात ना, तसंच! जुन्या वेली गेल्या, पण जात टिकली.

1877 मध्ये, वयाच्या 66 व्या वर्षी, तिनं व्हाले मेआंव इथली ओसाड जमीन घेतली. नवी लागवड मोठी व्हायला वर्षं जातात, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! 1880 मध्ये दुसरा नवराही गेला. 1896 मध्ये ती वारली. इस्पितळांना तिनं मदत केली होती. लोक तिला लाडानं फेरेरिन्या म्हणत.

त्याच मेआंवच्या द्राक्षांपासून 1952 मध्ये बार्का व्हेल्या ही रेड वाइन झाली. ती निवडक वर्षीच निघते आणि कित्येक वर्षं मुरवल्यावरच विकायला काढतात. मेआंवचा मळा आजही तिच्या वंशजांकडं आहे.