लग्न पुढे ढकलणारी बेटी

तानाजीनं कोंढाण्यासाठी मुलाचं लग्न बाजूला ठेवलं, तर मेलबर्नच्या बेटी विल्सननं (१९२१-२०१०) क्रिकेटच्या दौऱ्यासाठी स्वतःचंच! लहानपणी मोज्यात चेंडू घालून, तो धुण्याच्या दोरीला टांगून ती सराव करायची. १९५८ मध्ये मेलबर्नलाच इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत ऑस्ट्रेलिया ३८ धावांत गारद. झालं, संपलंच की! पण बेटीनं हॅटट्रिकसह अवघ्या ७ धावांत ७ बळी घेतले. इंग्लंड सर्वबाद ३५. मग शतक ठोकलं, वर आणखी ४ बळी. एकाच कसोटीत शतक नि दहा बळी तोवर पुरुषांनाही जमले नव्हते, हे मला फार आवडतं. ११ कसोट्या, ८६२ धावा, ६८ बळी. पुढे ढकललेलं लग्न मात्र राहिलं ते राहिलंच.