निकोलाउस ऑटो

मोटारीचे इंजिन सुरू झाले, की त्याच्या पोटात एकामागून एक लहान लहान भडके उडू लागतात. प्रत्येक भडक्याची वेळ ठरलेली असते. ती क्षणभर चुकली तरी इंजिनाचे बळ घटते. या भडक्यांना शिस्त लावणारा निकोलाउस ऑटो हा शिकलेला इंजिनियर नव्हता. तो गावोगाव फिरणारा एक विक्रेता होता.

ऑटोचा जन्म १८३२ साली जर्मनीतील होल्त्सहाउझेन या खेड्यात झाला. त्याच वर्षी त्याच्या वडिलांचे छत्र हरपले. मोठा झाल्यावर त्याने किराणा व्यापाऱ्यांकडे नोकरी धरली. चहा, साखर, कॉफी असा माल विकत तो गावोगाव हिंडे; परंतु त्याचे मन यंत्रांत रमले होते.

१८६० साली पॅरिसमध्ये लेन्वार याने गॅसवर चालणारे इंजिन तयार केले. ते गॅस फार खाई आणि त्या मानाने काम थोडे करी. ऑटोने कोलोन शहरातील एका कारागिराकडून त्याची लहान प्रतिकृती बनवून घेतली. प्रयोग करताना त्याने आत घेतलेले गॅस व हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले आणि मग पेटविले. तोच इंजिनाचे जड चाक जोराने गरगरा फिरले! दाबलेले मिश्रण अधिक बळ देते, हे त्याने ओळखले. परंतु १८६२ साली या तत्त्वावर केलेले इंजिन भडक्यांचे धक्के सोसू शकले नाही. ते लवकरच मोडले.

ऑटो खचला नाही. १८६४ साली ऑयगेन लँगेन या उद्योजकाच्या साहाय्याने त्याने कारखाना काढला. तेथे त्याने निराळ्या तत्त्वावर चालणारे एक इंजिन केले. ते कर्कश आवाज करी, पण गॅस कमी खाई. १८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. तरीही पहिल्या प्रयोगाचा ध्यास ऑटोने सोडला नाही. अखेर १८७६ साली, चौदा वर्षांनंतर, त्याला यश आले.

नव्या इंजिनात दट्ट्या चार वेळा सरके. पहिल्या वेळी तो बाहेर जाई, तेव्हा झडप उघडून मिश्रण आत शिरे. दुसऱ्या वेळी झडप मिटे आणि परतणारा दट्ट्या मिश्रण दाबी. मग ते पेटे व दट्ट्या जोराने बाहेर ढकलला जाई. चौथ्या वेळी जळलेला वायू दुसऱ्या वाटेने निघून जाई. झडप उशिरा उघडली, तर नळकांडे पुरते भरत नाही. ती भलत्या वेळेपर्यंत उघडी राहिली, तर मिश्रण आल्या वाटेने परत जाते, दाब कमी पडतो आणि भडका दुबळा होतो. म्हणून झडपेची हालचाल चाकाच्या फेऱ्यांशी जोडलेली होती. चाकाच्या दोन फेऱ्यांत झडप एकदाच उघडे.

१८८४ साली ऑटोने विजेच्या ठिणगीने मिश्रण पेटविण्याची युक्ती काढली. त्यामुळे गॅसऐवजी द्रवरूप इंधन वापरणे सोपे झाले. मात्र १८८६ साली त्याच्यावर मोठा आघात झाला. बो द रोशा या फ्रेंच इंजिनियरने हीच कल्पना १८६२ साली एका पुस्तिकेत मांडली होती, असे आढळले आणि ऑटोचा एकाधिकार जर्मनीत रद्द झाला. बो द रोशाने तसे इंजिन कधी तयार केले नव्हते. तरी कायद्यापुढे इलाज चालला नाही. २६ जानेवारी १८९१ रोजी ऑटोचे निधन झाले.

त्यानंतर झडपेच्या वेळेचा अभ्यास पुष्कळ पुढे गेला. वेगाने फिरणाऱ्या इंजिनात दट्ट्या परतू लागला, तरी वेगाने आत येणारी हवा आणखी थोडी शिरत राहते. म्हणून झडप किंचित उशिरा मिटवितात. काही मोटारींत ती मुद्दाम अधिक उशिरा मिटते. थोडे बळ कमी मिळते, पण तेवढ्याच इंधनात अधिक काम होते. एकाधिकार गेला, तरी या चार टप्प्यांच्या क्रमाला जग आजही ऑटो-चक्र म्हणूनच ओळखते.